चार किलोबारची पायरी

राममूर्तीनं दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेवर मधल्या बोटानं टिचकी मारली आणि काटा चारवरून टुणकन उडून सहावर जाऊन थरथरत उभा राहिला. एवढंच झालं. राममूर्तीला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो हायड्रॉलिक प्रेसचं गळकं सील बदलायला आला होता, आणि गावातल्या सगळ्या प्रेस, बस-बॉडीवाल्यांच्या काय नि तेलघाण्यांच्या काय, त्याच्या हाताखालून गेलेल्या होत्या. "आतल्या चाकाचा दात झिजलाय, अम्मा," तो हात पुसत तमिळमध्ये म्हणाला. "चारपर्यंत बरोबर दाखवतो, मग मागे रेंगाळतो. टिचकी मारली की येतो जागेवर. जुना रोग आहे. तुम्ही मारत असालच." राजलक्ष्मी "हो" म्हणाली. का म्हणाली ते तिला कळलं नाही. राममूर्ती सायकलला पिशवी अडकवून निघून गेला आणि ती कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या त्या लांबोड्या प्रयोगशाळेत, डोक्यावर पंखा कुरकुरत असताना, गेजकडे बघत उभी राहिली. काचेच्या कडेनं कागदाची एक पट्टी गोल चिकटवलेली होती. तिच्यावरचे किलोबारमधले दाबाचे आकडे तिनंच काळ्या शाईनं लिहिले होते, तेव्हा तिचं अक्षर आजच्यापेक्षा बारीक आणि सरळ होतं.

मग तिनं खुर्ची ओढली. दुपारचे तीन वाजले होते, ऑगस्टमधलं तंजावरचं ऊन खिडकीच्या गजांतून टेबलावर आडवं पडलं होतं, शेजारच्या इमारतीतून नव्या कॉम्प्युटर कोर्सच्या मुलांचा गलका येत होता. चौपन्न वर्षांच्या बाईला दुपारी थोडं गरगरल्यासारखं होतं, त्यात नवल नाही. पण हे गरगरणं वेगळं होतं. चारपर्यंत बरोबर, मग रेंगाळतो. चारच्या पुढे. तिच्या आयुष्यात जे काही म्हणून नाव घेण्यासारखं घडलं होतं, ते बरोबर चारच्या पुढे घडलं होतं.

ते असं होतं. बंगलोरच्या एका रसायनशास्त्रज्ञाकडून तिला काही स्फटिक मिळाले होते. काळे, चकचकीत, मोहरीच्या दाण्याहून लहान पापुद्रे. कार्बन आणि गंधकाचे चपटे रेणू पत्त्यांसारखे ओळीनं लावलेले, मधूनमधून आयोडीनचे थर. नावानं सेंद्रिय, म्हणजे प्लास्टिकच्या नि डांबराच्या गोतातलं, पण वीज मात्र धातूसारखी वाहून नेणारं. थंड करत गेलं, की शून्याखाली एकशे अडतीस अंशांवर ते एकाएकी हट्ट धरतं. इलेक्ट्रॉन जिथल्या तिथे बसतात, दोघादोघांच्या जोड्या लावतात, त्यांचा इवलासा चुंबकपणा एकमेकांत जिरून जातो, आणि वीज थांबते. दाबाखाली ठेवलं की हा हट्ट उशिरा येतो, आणखी थंडीत. जितका दाब जास्त, तितका उशीर. एका किलोबारला साधारण नऊ अंश, सरळ उतरती रेघ. सगळ्या जगाला ती सरळ दिसली होती. फक्त तंजावरला, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली, राजलक्ष्मीला आणि तिच्या विद्यार्थिनीला त्या रेघेत चार किलोबारवर एक पायरी सापडली. तिथं रेघ एकदम अठरा अंशांनी खाली घसरत होती. पेपर छापून आला. फ्रान्समधल्या कुणा सिद्धांतवाल्यानं त्या पायरीवर वीस पानांचं गणित केलं आणि म्हटलं की तिथं इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाची एक नवीच मांडणी असली पाहिजे. जपानहून दोघांनी कळवलं की त्यांना पायरी दिसली नाही, पण स्फटिकास्फटिकात फरक असतो, तेव्हा तसंही असेल. किती सभ्य माणसं! तसंही असेल, असं राजलक्ष्मीनंही म्हटलं होतं. आणि त्या 'तसंही असेल'वर नऊ वर्षं बसून काढली होती.

अठरा अंश म्हणजे दोन किलोबार. चारवर अडकलेला काटा आणि खरा दाब यांच्यात बरोबर तेवढंच अंतर होतं. हिशेब करायला कागदही लागला नाही.

संध्याकाळी ती चालतच घरी गेली. रोज ऑटोनं जायची. राजवाड्यामागच्या गल्लीतून जाताना लोकांच्या दारांतून टीव्हीचे निळे उजेड रस्त्यावर येत होते. एका वर्षात सगळ्या आळीवर केबलच्या काळ्या तारा लोंबायला लागल्या होत्या. तिला अठ्ठ्याऐंशी सालची ती खोली आठवत होती, पण तुकड्यातुकड्यांनी. बेरिलियम घातलेल्या तांब्याचं ते अंगठ्याएवढं नळकांडं, त्यात टेफ्लॉनची टोपी, टोपीत तेल, तेलात स्फटिक, आणि स्फटिकाला चांदीच्या रंगानं चिकटवलेल्या, केसाहून बारीक अशा चार सोन्याच्या तारा. चारच. मद्रासचे तिचे सर हयात असते तर म्हणाले असते, "आणखी दोन तारा कुठायत?" सरांचा नियमच होता की आत मँगॅनिनच्या तारेचं वेटोळं ठेवायचं. दाबानं तिचा रोध ठरावीक मापानं वाढतो, म्हणजे आतला दाब आतूनच कळतो. बाहेरच्या गेजवर विश्वास ठेवायचा नाही. तिला हे शिकवावं लागलं नव्हतं, तीच इतरांना शिकवायची. पण प्रत्येक जादा तार म्हणजे नळकांड्याच्या बुचात आणखी एक छिद्र, आणि प्रत्येक छिद्र म्हणजे गळतीला आणखी एक वाट. त्या वर्षी सहा तारांची बुचं पाच वेळा फुटली होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मुलीची, हरिप्रियाची, दहावी. सहाव्यांदा तिनं बूच चार तारांचं केलं, आणि ते टिकलं. त्या रात्री ती नऊ तास झोपली होती. ती झोप तिला आजही आठवत होती, पायरीच्या शोधापेक्षा जास्त स्पष्ट.

"कां ग, कापी थंड झाली," तिचे यजमान अनिरुद्धराव म्हणाले. ते बँकेतून वेळेआधी निवृत्त झाले होते आणि आता दिवसभर घरी असल्यामुळे तिच्या चेहऱ्यावरचं सगळं वाचायला शिकले होते. तिनं सांगितलं. घरात मराठीच चालायची, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात मुरलेली, निम्मी तमिळ झालेली मराठी. तिच्यात दाब, स्फटिक, काटा असले शब्द कधी आले नव्हते आणि त्यामुळे आपण काही परक्या बाईची गोष्ट सांगतो आहोत असं तिला वाटलं. अनिरुद्धरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "राजी, नोकरीची चार वर्षं राहिलीत तुझी. अत्ता हे कोणास कळणार आहे?"

"कोणास नाही."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली आणि थंड कॉफी पिऊन टाकली. ते वाईट बोलले नव्हते. तिच्यावर माया करणाऱ्या माणसानं जे बोलायला हवं तेच बोलले होते. तिलाही तेच हवं होतं, कुणीतरी म्हणावं की राहू दे. पण त्यांनी तसं म्हटल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं नाही. उलट आणखी थकवा आला. झाकून ठेवण्यातही काम असतं. ते काम आपण न कळत नऊ वर्षं केलं, आता कळून सवरून चार वर्षं करायचं. पेपर छापून आल्यापासून तिनं चार किलोबारच्या पुढे एकदाही प्रेस चालवली नव्हती. नेहमी काहीतरी कारण असायचं. थंड करायला नायट्रोजन नाही, विद्यार्थी नाही, वेळ नाही. आता तिला प्रश्न पडला, की ती खरोखरच कारणं होती का.

आणि अलमेलु होती. पेपरावर दुसरं नाव अलमेलुचं होतं, तिची डॉक्टरेट त्याच पायरीवर उभी होती. डिग्री मिळाली, पुढच्याच वर्षी लग्न झालं, आणि ती पापनाशमला शाळेत अकरावी-बारावीला शिकवायला लागली. राजलक्ष्मीला तेव्हा वाईट वाटलं होतं. इतक्या चलाख हाताची मुलगी, संसारात गेली. गेल्या महिन्यात अलमेलुचं पत्र आलं होतं, की सप्टेंबरात एका सरकारी कॉलेजात लेक्चररच्या जागेची मुलाखत आहे, मॅडमनी शिफारसपत्र द्यावं. राजलक्ष्मीनं ते लगेच दिलं होतं. त्यात पहिलंच वाक्य पायरीबद्दल होतं.

रविवारी सकाळी ती कुंभकोणमच्या बसनं पापनाशमला गेली. दोन्ही बाजूंना कुरुवईच्या हंगामातलं भात गुडघाभर उभं होतं आणि कालव्यात पाणी होतं. खिडकीशी बसून ती ते बघत होती आणि काय बोलायचं त्याची जुळणी करत होती. वाक्य जुळलं की बस थांबायची, माणसं चढायची, आणि वाक्य मोडायचं. "एक चूक झाली आहे." झाली आहे, जशी काही आपणहून. "आपली चूक झाली." आपली? अलमेलु तेव्हा चोवीस वर्षांची होती. काय माहीत होतं तिला?

अलमेलु ओसरीवर वह्या तपासत बसली होती. ती जाड झाली होती, केसांत थोडं पांढरं दिसत होतं, पण मान तिरपी करून बघायची सवय तशीच होती. तिनं आत हाक मारून सासूला कॉफी टाकायला सांगितलं, राजलक्ष्मीला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसली. दोघी तमिळमध्ये बोलायच्या, मध्ये मध्ये इंग्रजी. राजलक्ष्मीनं एका दमात सांगून टाकलं: राममूर्ती, टिचकी, झिजलेला दात, दोन किलोबार. सांगून झाल्यावर तिनं वर पाहिलं. अलमेलुच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मॅडम," अलमेलु लाल पेनचं टोपण लावत म्हणाली, "मी मारली होती टिचकी."

"केव्हा?"

"तिसऱ्या रनला. अठ्ठ्याऐंशी, नोव्हेंबर. काटा उडाला. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही चांदीचा रंग ढवळत होतात. म्हणालात, उपकरणावर हात मारू नकोस, बिघडेल."

राजलक्ष्मीनं आठवून पाहिलं. तिनं मनापासून, अगदी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. चांदीच्या रंगाची बाटली आठवली, तिचा नाकात जाणारा वास आठवला, खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड आठवलं. अलमेलुचा आवाज आठवला नाही. आपलं वाक्य आठवलं नाही. मनात ती जागा साफ होती, पुसल्याचा डागसुद्धा नव्हता. एवढं मोठं काही घडतं आणि माणूस ते ठेवतही नाही! विसरलो असतो तर विसरल्याचं तरी कळलं असतं. हे मुळात ऐकलंच गेलं नव्हतं. चूक गेजची होती, मग तारांची होती, मग थकव्याची होती. बसमध्ये तिनं या सगळ्यांना आपापल्या जागी नीट बसवलं होतं. आता ते सगळे उठून गेले आणि ती एकटीच राहिली.

"परत का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं, आणि विचारतानाच तिला लाज वाटली.

"सांगणार होते. मग पेपर छापून आला. मग फ्रान्सचं पत्र आलं. तुम्ही सगळ्या डिपार्टमेंटला पेढे वाटलेत." अलमेलु थोडा वेळ वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. "मला डिग्री हवी होती, मॅडम. खोटं कशाला बोलू? पण नंतर कुणी त्या पायरीबद्दल विचारलं की मी विषय बदलायचे. कॉन्फरन्सला गेले की मी मागे बसायचे. म्हणून सोडलं मी. तुम्हाला वाटलं लग्नामुळे."

सासू कॉफी घेऊन आली. दोघी तिच्याकडे बघून हसल्या. ती आत गेल्यावर राजलक्ष्मी म्हणाली, "मी दुरुस्तीचं पत्र पाठवायचं म्हणते. पण तुझी मुलाखत आहे. ती होईपर्यंत थांबेन."

"नको," अलमेलु म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्यासाठी थांबू नका. आणखी एक ओझं नको मला. पाठवायचं तर आत्ता पाठवा. पण त्यात मी सांगितलं होतं, हे लिहा."

राजलक्ष्मीनं मान हलवली. परतीच्या बसमध्ये तिला जागा मिळाली नाही. उभ्यानं येताना तिला जाणवलं, की गेज चुकीचं होतं हे जगाला सांगायला आपण केव्हाच तयार झालो होतो. त्यात एक प्रकारचं मोठेपणही होतं. अलमेलु जे मागत होती त्यात कसलंच मोठेपण नव्हतं.

आधी तिनं मोजून पाहिलं. नुसत्या टिचकीवर कुणी पेपर मागे घेत नाही. डबीत दोन स्फटिक उरले होते, त्यातला एक धड होता. बूच सहा तारांचं: चार स्फटिकाच्या, दोन मँगॅनिनच्या. पहिलं बूच दाब चढवताना गळलं. दुसरं गळलं नाही, पण आत सोन्याची एक तार सुटली. पंधरवडाभर ती कॉलेज सुटल्यावर दोन-दोन तास भिंग लावून बसत होती. मान दुखायची, बोटं पूर्वीसारखी ऐकत नव्हती. वीस वर्षांपूर्वी जे हात आपोआप करायचे ते आता प्रत्येक हालचाल सांगून करून घ्यावं लागत होतं. तिसरं बूच टिकलं. ती दाब थोडाथोडा वाढवत गेली, प्रत्येक वेळी नळकांडं द्रव नायट्रोजनात उतरवून आकडे घेत गेली. एक, दोन, तीन, चार. मग पाच. मग सहा. कागदावर ठिपके मांडले आणि पट्टी ठेवली. रेघ सरळ होती. चारवर काही नव्हतं. काहीही नव्हतं, तिथून रेघ जशी आली तशीच खाली गेली, ज्यात कुणाला काही रस वाटू नये अशी. राजलक्ष्मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. भूक लागली होती.

पत्र मात्र मोजणीपेक्षा जड गेलं. चार परिच्छेदांत गेजची हकीकत, नवी मोजणी, नवी रेघ. ते तासाभरात झालं. पाचव्या परिच्छेदात एकच वाक्य होतं. तिनं इंग्रजीत लिहिलं, की हा दोष त्या वेळीच निदर्शनास आणून देण्यात आला होता, परंतु त्याकडे दुर्लक्ष झालं. सोमवारी कॉलेजातून निघताना ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली आणि पापनाशमच्या शाळेत फोन लावला. अलमेलुला बोलावून आणेपर्यंत काचेच्या त्या पेटीत घाम फुटला. तिनं वाक्य वाचून दाखवलं.

"कुणी आणून दिला, मॅडम?" अलमेलुनं विचारलं.

"तू."

"आणि दुर्लक्ष कुणाचं झालं?"

राजलक्ष्मीनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "अलमेलु, पेपरात 'मी' लिहीत नाहीत."

"माहितीये. तुम्हीच शिकवलंत."

बाहेर एक माणूस आपली पाळी यायची वाट बघत उभा होता. राजलक्ष्मीनं कागद काचेवर धरला, वाक्यावर काट मारली आणि खाली पुन्हा लिहिलं. तीस वर्षांत इंग्रजीत इतकं लिहूनही ते एका अक्षराचं सर्वनाम तिच्या हातून शास्त्राच्या कागदावर कधी उतरलं नव्हतं. उभी काठी रोवल्यासारखं ते ओळीच्या आरंभी दिसत होतं. सहलेखिका अलमेलु यांनी तिसऱ्या मोजणीच्या वेळी काटा अडकत असल्याचं मला सांगितलं. मी त्यांचं ऐकलं नाही. तिनं वाचून दाखवलं. पलीकडून शाळेतल्या मुलांचा आवाज येत होता.

"ठीक आहे," अलमेलु म्हणाली. "एक प्रत मला पाठवा. मुलाखतीला नेते."

"नेऊ नकोस. कशाला?"

"नेते," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पत्र नोव्हेंबरच्या अंकात आलं, शेवटच्या पानांत, बारीक अक्षरांत. फ्रान्सहून काही आलं नाही. जपानहून एक कार्ड आलं, आभाराचं. प्राचार्य व्यंकटरमण यांनी राजलक्ष्मीला बोलावून हळुवारपणे विचारलं, की हे इतक्या तपशिलात लिहायची गरज होती का, आणि कॉलेजच्या तपासणी समितीसाठी केलेल्या फाइलमधून तिचं पान काढून ठेवलं. तिनं वाद घातला नाही. त्यांची बाजू तिला समजत होती. अनिरुद्धरावांनी तो अंक एकदा उघडून पाहिला, चष्मा लावून ती ओळ वाचली, आणि नंतर दोन दिवस ते तिच्याशी नेहमीपेक्षा जरा आदबीनं वागले, तेच तिला जास्त अवघड वाटलं.

अलमेलुची निवड झाली नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती स्वतःच सांगायला आली, मोपेडवरून, एवढ्या लांब. मुलाखतीच्या समितीनं पत्र वाचलंच नाही म्हणाली; एकानं विचारलं की दोन मुलं घरी ठेवून रोज प्रवास कसा करणार, आणि ती उत्तर देत असताना त्यांचा चहा आला. राजलक्ष्मीनं खुर्ची पुढे ओढली. ती नुसती "बस" म्हणाली. अलमेलु बसली नाही. ती प्रयोगशाळेत फिरत राहिली, कपाट उघडून पाहिलं, नळकांडं हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं, नवी रेघ काढलेला कागद भिंतीवर टाचलेला होता त्याच्यासमोर उभी राहिली.

"सहावर थांबलात," ती म्हणाली.

"पुढे नायट्रोजनची थंडी पुरत नाही. पंप लावून तापमान आणखी उतरवावं लागेल. माझ्या एकटीच्यानं होत नाही आता."

"पंप चालतो?"

"चालायचा."

अलमेलु कागदाच्या उजव्या बाजूच्या कोऱ्या चौकटींकडे बघत होती. "अर्धवार्षिक परीक्षेनंतर मला नऊ दिवस सुट्टी आहे," ती म्हणाली.

राजलक्ष्मीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आपण फार दमलो आहोत. मानेचं दुखणं, फुटणारी बुचं, भिंगाखालचे ते तास, सगळं एकदम अंगावर आलं, आणि उरलेला एकच स्फटिक, तोही कडेला चिरलेला. तिनं तोंड उघडलं ते नको म्हणण्यासाठीच.

"नायट्रोजन तिरुचीहून आणावा लागतो," ती म्हणाली. "पहाटेच्या बसनं. कंडक्टर कटकट करतो, कॅन आत घेऊ देत नाही."

"मी आणते," अलमेलु म्हणाली.